उपकेंद्राची दुरुस्ती आणि गावचा रस्ता: सरकारी निधी मागताना आधी काय, नंतर काय

महिन्यातनं दोन-तीन फोन तरी असे येतात. "दादा, सहा महिने झाले निवेदन देऊन, फोटो पण पेपरात आला, पण निधीचं काय झालं काहीच कळंना." मी पहिला प्रश्न एकच विचारतो, ठरावाची प्रत हातात आहे का? नाही. जागेचा उतारा? तो काढायचाय. इस्टिमेट? ते साहेब करतील ना! म्हणजे पत्रिका वाटून झाल्या आणि मुलगी बघायचीच राहिलीय.

निवेदन ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. सरकारात पैसा "गावाच्या मागणी"वर पडत नाही, तो एका ठराविक लेखाशीर्षात, म्हणजे बजेटमधल्या त्या-त्या कामाच्या खात्यात येतो आणि त्या शीर्षात बसणारी, कागद पूर्ण असलेली फाईल ज्याची टेबलावर असेल त्याला मिळतो. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. खाली उदाहरणाला दोनच कामं धरलीत, आरोग्य उपकेंद्राची दुरुस्ती आणि तिथपर्यंत जाणारा रस्ता, कारण ही दोन रडगाणी जवळपास प्रत्येक गावात आहेत. सगळं महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीच्या हिशोबाने लिहिलंय.

## १. आधी गरजेची यादी, तीही जागेवर उभं राहून

घरात बसून "आरोग्याच्या सोयी हव्यात" असं लिहू नका. आरोग्य सेविका ताई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा ताईंना बरोबर घ्या, एक मोजायची टेप घ्या आणि उपकेंद्राच्या गेटपासून सुरुवात करा. मोबाईलमध्ये लोकेशन चालू ठेवून प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. कुठल्या कोपऱ्यातनं काढला ते लक्षात ठेवा, नंतर काम झाल्यावर त्याच कोपऱ्यातनं पुन्हा काढायचाय.

आमच्या गावची यादी अशी निघाली होती: स्लॅब गळतो आणि प्रसूतीच्या टेबलाच्या बरोबर वरचं प्लास्टर फुगलंय. नळ आहेत, पाणी नाही, ताई शेजारच्या घरून बादल्या आणतात. संडासाला दार नाही. इन्व्हर्टर मेलाय, बॅटरी फुगून बसलीय. कंपाउंड नाही म्हणून गुरं पडवीत बसतात. आणि शेवटचा चारेकशे मीटर रस्ता पावसाळ्यात असा होतो की १०८ ची गाडी फाट्यावर थांबते आणि पेशंटला बाजेवर घालून तिथपर्यंत न्यावं लागतं.

आता बघा, लोक याचं एकच वाक्य करतात, "उपकेंद्र व रस्ता दुरुस्त करून मिळावा." इथंच फाईल मरते. कारण वरच्या यादीतल्या सहा गोष्टी वेगवेगळ्या खिशातनं येतात.

थांबा, बघून घ्या: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे लांबी-रुंदी किंवा नग लिहिलाय का? "काही भाग खराब" असं असेल तर परत जा आणि मोजा.

## २. कुठल्या कामाला कुठला खिसा

हा भाग जरा सावकाश वाचा, सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

वित्त आयोगाचा निधी. हा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. १५व्या वित्त आयोगाचा पंचायतींसाठीचा काळ २०२१-२२ ते २०२५-२६, आणि आपल्या राज्यात वाटणी ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० अशी होती. त्यात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी पिण्याच्या पाण्याला आणि निम्मी स्वच्छतेला, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची. अबंधितमधनं पगार आणि कार्यालयाचा आस्थापना खर्च चालत नाही. २०२६-२७ पासून १६वा आयोग लागू होतो, त्यामुळे ही टक्केवारी जुन्या व्हॉट्सअप मेसेजवरून उचलून ठरावात टाकू नका, त्या वर्षाचा शासन निर्णय काढून बघा.

सरपंच मंडळींची नेहमीची चूक म्हणजे बंधितमधनं रस्ता धरायचा. नाही चालत. पण उपकेंद्राची पाण्याची टाकी आणि पाईपलाईन पाण्याच्या बंधित हिश्श्यात, संडास दुरुस्ती स्वच्छतेच्या बंधित हिश्श्यात धरता येते, आणि ही वाट बऱ्याच जणांना सुचतच नाही. आमच्या यादीतली दुसरी आणि तिसरी ओळ अशीच सुटली, वर कुणाला निवेदन द्यायची वेळसुद्धा आली नाही.

उपकेंद्राचा स्वतःचा अबंधित निधी. उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालेलं असेल तर राष्ट्रीय आरोग्य अभियानातनं त्याला वर्षाला ५० हजारांपर्यंत अबंधित निधी धरलेला असतो. तो जन आरोग्य समितीच्या ठरावाने खर्च होतो, आणि उपकेंद्र पातळीवर त्या समितीचा अध्यक्ष गावचा सरपंच असतो, सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. कितीतरी सरपंचांना आपण अध्यक्ष आहोत हेच माहीत नसतं! इन्व्हर्टरची बॅटरी, दाराच्या कड्या, पडदे, बल्ब, किरकोळ प्लंबिंग हे इथनं होतं. याशिवाय गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार असतात, ते गावातल्या छोट्या गरजांसाठी. रक्कम लहान वाटेल, पण या समितीच्या खात्यावर मागच्या बॉडीतल्या सदस्याचीच सही चालू असते आणि खातं झोपलेलं असतं, असं इतक्या ठिकाणी बघितलंय की सांगता सोय नाही. आधी सही बदला.

जिल्हा नियोजन समिती, म्हणजे बोलीभाषेत डीपीसी. मोठी दुरुस्ती, नवीन इमारत, संरक्षक भिंत, ग्रामीण रस्ते हे इथं. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचं बांधकाम-दुरुस्ती हा वेगळा विषय असतो आणि तो जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागामार्फत जातो, ग्रामपंचायतीमार्फत नाही. रस्त्यासाठी ३०५४ हे शीर्ष कानावर पडेल.

पंचवीस पंधरा. म्हणजे २५१५, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधा. गावातले काँक्रीट रस्ते, गटार, सभामंडप बहुतेक याच्यातनं. आमदाराचं पत्र लागतं आणि मंजुरी ग्रामविकास विभागाकडनं येते.

आमदार-खासदार निधी. आमदारांना वर्षाला ५ कोटी, खासदारांनाही ५ कोटी. इथं लोकांचा समज असा की साहेबांनी हो म्हटलं की झालं. साहेब फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, तेही कागद बघून. आणि एका मतदारसंघात गावं किती असतात याचा भागाकार करून बघा, म्हणजे तुमच्या वाट्याला काय येतं ते कळेल.

वस्तीनिहाय योजना. रस्ता अनुसूचित जाती-नवबौद्ध वस्तीतनं जात असेल तर समाजकल्याणची वस्ती विकास योजना आहे, आदिवासी वस्तीला ठक्कर बाप्पा योजना आहे, तांड्याला तांडा वस्ती सुधार. पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभाच ठरवते, आरोग्य त्यात बसतं.

⚠ वस्तीचा पैसा वस्तीबाहेरच्या रस्त्याला लावू नका. नंतर ऑडिटमध्ये वसुली निघते आणि ती सही करणाऱ्याच्या नावावर निघते.

⚠ आणखी एक गोष्ट. गरजा वेगवेगळ्या खिशात वाटणं योग्य, पण एकच काम निविदेच्या मर्यादेखाली आणायला त्याचे तुकडे पाडणं नियमबाह्य धरतात. ४०० मीटरच्या रस्त्याचे "भाग १, भाग २, भाग ३" करून तीन कोटेशनं घ्यायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

### नवीन उपकेंद्रच हवंय?

मग ही गोष्टच वेगळी. निकष साधा आहे, सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० ला. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० आणि २०,००० ला. पण निकषात बसलं म्हणजे मिळालं असं नाही. आधी आरोग्य विभागाच्या बृहत आराखड्यात गावाचं नाव लागतं, मग स्थापनेचा शासन निर्णय, मग जागा, इमारत, आणि सगळ्यात शेवटी पदनिर्मिती. लोक इमारतीसाठी भांडतात आणि पदांचं कुणी विचारतच नाही, म्हणून तर रंगरंगोटी केलेल्या इमारती कुलूप लावून उभ्या आहेत आणि आतनं पारवे उडतात. माझं मत विचाराल तर इमारतीच्या पत्रात दुसरा परिच्छेद पदांचाच हवा, पहिल्या दिवसापासून.

थांबा, बघून घ्या: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे आता एका योजनेचं नाव आहे का? एका कामापुढे दोन नावं असतील तर एक खोडा. तेच काम दोन ठिकाणी टाकलं की दोन्हीकडनं "दुबार" शेरा मारून परत येतं.

## ३. जागा कुणाच्या नावावर आहे

हा माझा स्वतःचा मार खाल्लेला विषय आहे. आमच्या उपकेंद्राच्या कंपाउंडची फाईल दोनदा परत आली. जागा चाळीसेक वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने तोंडी दान दिलेली, गावात सगळ्यांना माहीत, त्यांच्या घरच्यांचीही ना नाही, पण सातबाऱ्यावर नाव त्यांच्या वडिलांचंच. पहिल्यांदा फाईल परत आली तेव्हा आम्ही कार्यालयालाच शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा आली तेव्हा एका वयस्कर क्लार्कने बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, उद्या नातवाने कोर्टात जाऊन भिंत पाडायला लावली तर सही माझी आहे ना." त्याचं बरोबर होतं. वारस लावणं, मग बक्षीसपत्र, मग फेरफार, यात आमचं अख्खं एक वर्ष गेलं.

काय काय काढायचं:

- जागेचा सातबारा किंवा गावठाणात असेल तर नमुना ८ चा उतारा, ताजा.
- इमारतीची स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद. ग्रामपंचायतीची असेल तर नमुना २२ ला. उपकेंद्राची इमारत बहुतेक जिल्हा परिषदेच्या मालकीची असते, तेव्हा तिच्या मालमत्ता नोंदवहीत आहे का ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारा.
- रस्त्यासाठी नमुना २३. हा रस्त्यांच्या नोंदवहीचा उतारा. यात रस्ता नसेल तर सरकारच्या लेखी तो रस्ताच नाही, मग तुमचे आजोबा त्यावरून बैलगाडी हाकत असले तरी.
- रस्ता गावाबाहेर जात असेल तर तो ग्रामीण मार्ग आहे का इतर जिल्हा मार्ग, आणि त्याचा क्रमांक काय. हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात मिळतं. क्रमांक नसेल तर आधी रस्ते विकास आराखड्यात घ्यायचा प्रस्ताव, निधी नंतर.
- रस्ता कुणाच्या शेताच्या कडेने रुंद होणार असेल तर त्या शेतकऱ्याची लेखी संमती. तोंडी नको. काम सुरू झाल्यावर जेसीबीपुढे झोपणारा माणूस हा नेहमी तोंडी संमती दिलेलाच असतो.

जुनी इमारत पाडून नवी हवी असेल तर मध्ये एक शब्द येतो, निर्लेखन. म्हणजे जुनी इमारत वापरायोग्य नाही असं तपासून ती मालमत्तेतनं रीतसर कमी करणं. हे न करता नवीन इमारतीचा प्रस्ताव पाठवला की पहिला शेरा असतो, "जागेवर इमारत अस्तित्वात आहे." आणि निर्लेखन मंजूर व्हायच्या आधी गावाने उत्साहात श्रमदान करून जुनी भिंत पाडली तर सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणून वेगळंच झेंगट मागं लागतं, ते करू नका.

## ४. ग्रामसभा आणि ठराव

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला लागतात. सात दिवस आधी नोटीस, आणि कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. गावचा विकास आराखडा, "आमचं गाव आमचा विकास" म्हणतात तो, २ ऑक्टोबर ते ३१ जानेवारीच्या मोहिमेत पुढच्या वर्षासाठी तयार होतो. म्हणजे मे महिन्यात जागे होऊन "यंदाच वित्त आयोगातनं करा" म्हणाल तर आराखड्यात काम नाही, आणि आराखड्यात नाही ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नाही, आणि तिथं नाही त्याचं पेमेंट निघत नाही. मध्येच घ्यायचं तर पुरवणी आराखडा करावा लागतो.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिच्यात हा विषय घ्याच. उपकेंद्राचं पाणी आणि संडास हे गावातल्या पुरुषांना दिसत नाही, तिथं बाळंतपणाला गेलेल्या बाईला दिसतं. आमच्याकडे पुरुष मंडळींचं म्हणणं गावची कमान आधी. महिला सभेचा ठराव प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात होता म्हणून पाण्याची टाकी यादीत कमानीच्या वर गेली.

ठरावाची भाषा बघा. हे चुकीचं:

"गावात आरोग्याच्या व रस्त्याच्या सोयी करण्यात याव्यात असे सर्वानुमते ठरले."

हे चालतं:

"मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुकमधील आरोग्य उपकेंद्राच्या इमारतीच्या छताची गळती प्रतिबंधक दुरुस्ती व प्रसूती कक्षाचे छत दुरुस्त करणे, हे काम जिल्हा वार्षिक योजनेतून मंजूर करावे. सदर काम यापूर्वी अन्य कोणत्याही योजनेतून घेतलेले नाही व सध्या प्रस्तावित नाही. जागा वादमुक्त आहे."

कामाचं नाव, जागा, योजना, दुबार नाही, वाद नाही. पाच गोष्टी. एका ठरावात एकच काम. सात कामांचा एक ठराव केला की त्याची प्रत सात फायलींना जोडायची आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस बाकीच्या सहा कामांवर शंका काढणार.

एक सगळ्यात महत्त्वाचं: कामाचं नाव इथं जे लिहिलं ते शेवटच्या बिलापर्यंत शब्दशः तेच ठेवायचं. ठरावात "उपकेंद्र ते हनुमान मंदिर रस्ता", इस्टिमेटमध्ये "मुख्य रस्ता ते उपकेंद्र", मान्यतेत "गावांतर्गत रस्ता काँक्रीटीकरण", असं तीन नावांनी गेलं की शेवटी बिल लावताना क्लार्क म्हणतो तीन कामं आहेत, आणि तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलत नसतो.

थांबा, बघून घ्या: प्रोसिडिंगवर ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक आहेत का? उपस्थितांच्या सह्या कोरमएवढ्या आहेत का? ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, त्यांच्याकडनं शिक्क्यासकट प्रत त्याच आठवड्यात घ्या. बदली झाली की नवीन माणूस जुन्या सभेच्या प्रतीवर सही करायला दहा वेळा विचार करतो.

## ५. इस्टिमेट

पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातला कनिष्ठ किंवा शाखा अभियंता हे करतो. त्याच्याकडे वीस-पंचवीस गावं असतात, त्यामुळे "साहेब येतच नाहीत" ही तक्रार खरी असली तरी त्यावर उपाय आहे. आधी फोन करून दिवस ठरवा, तुमची मोजमापाची यादी आणि फोटो पाठवून द्या, आणि तो येईल त्या दिवशी टेप धरायला दोन पोरं, शिडी आणि उपकेंद्राची किल्ली तयार ठेवा. आमच्याकडे एकदा साहेब आले आणि किल्ली लसीकरणाला गेलेल्या ताईंच्या पर्समध्ये. पुढची तारीख दीड महिन्याने मिळाली!

बघायच्या गोष्टी थोड्याच. दर चालू वर्षाच्या दरसूचीचे आहेत का. जीएसटी आणि १ टक्का कामगार उपकर धरलाय का, नाहीतर मंजूर रकमेत काम बसत नाही आणि ठेकेदार सिमेंट कमी करून ते बसवतो. रस्त्याला कडेचं गटार किंवा पाणी काढून द्यायची सोय आहे का, कारण चारशे मीटरमधला चिखल हा रस्ता नसल्यामुळे नव्हता, पाणी तुंबल्यामुळे होता, आणि गटार नसेल तर काँक्रीटच्या कडा दुसऱ्या पावसाळ्यात उघड्या पडतात. छताच्या दुरुस्तीत नुसतं आतनं प्लास्टर धरलंय की वरनं वॉटरप्रूफिंग पण? वरचं नसेल तर ते प्लास्टर पुढच्या श्रावणात पुन्हा टेबलावर येणार.

मग तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता. प्रशासकीय म्हणजे कामाला आणि खर्चाला मंजुरी, तांत्रिक म्हणजे इस्टिमेटला अभियंत्याची मंजुरी. पुस्तकात आधी प्रशासकीय, मग सविस्तर इस्टिमेटवर तांत्रिक. पण छोट्या कामांना बरीच ऑफिसं प्रस्तावाबरोबरच तांत्रिक सही झालेलं इस्टिमेट मागतात, तर आपल्या तालुक्यात काय चालतं ते आधी विचारून घ्या, हेलपाटा वाचतो.

## ६. आता निवेदन, आणि योग्य महिन्यात

आता पत्र लिहायचं. उपकेंद्राच्या दुरुस्तीची वाट अशी: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं मागणीपत्र, तिथनं तालुका आरोग्य अधिकारी, तिथनं जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामपंचायतीने थेट पालकमंत्र्यांना दिलेलं पत्र शेवटी फिरत फिरत "अभिप्रायार्थ" याच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे येतं, फक्त तीन महिन्यांनी. म्हणून मूळ प्रस्ताव या वाटेने पाठवा आणि त्याची पोच जोडून जिल्हा परिषद सदस्य आणि आमदारांना पत्र द्या. त्यांना पण बरं पडतं, "अमुक आवक क्रमांकाचा प्रस्ताव आहे, तेवढा घ्या" असं एका ओळीत सांगता येतं.

महिने सांभाळा. जिल्ह्याचा पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा साधारण दिवाळीच्या आसपास ते डिसेंबरपर्यंत विभागांकडनं गोळा होतो, जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर बैठका, मार्चमध्ये बजेट, एप्रिलनंतर प्रत्यक्ष मान्यता. फाईल सप्टेंबरपर्यंत जिल्ह्याला पोचलेली असेल तर तुम्ही रांगेत आहात. फेब्रुवारीत पोचली तर पुढच्या रांगेत. आणि मध्ये कुठली ना कुठली आचारसंहिता लागणार हे धरूनच चाला, तेव्हा नवीन मंजुरी आणि कार्यारंभ आदेश थांबतात.

वित्त आयोगाच्या पैशाचं वेगळं. जिथं निवडून आलेली बॉडी नाही, प्रशासक बसलाय, किंवा ग्रामपंचायतीचं ऑडिट ऑनलाईन गेलेलं नाही, तिथं हप्ता अडकतो. त्यात आमदार काही करू शकत नाही, उगाच त्यांच्या दारात जाऊ नका, ऑडिट पूर्ण करा.

थांबा, बघून घ्या: फाईलमध्ये क्रमाने हे आहे का: मागणीपत्र, ठराव, जागेचा उतारा, नमुना २२ किंवा २३, दुबार नसल्याचा दाखला, इस्टिमेट, फोटो, संमतीपत्रं. पानांना नंबर टाका. तीन सेट करा, एक स्वतःकडे. प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक घ्या आणि तो वहीत लिहा, नुसतं "दिलंय साहेबांकडे" याला अर्थ नाही.

## ७. मंजुरी आली, आता झोपू नका

फटाके वाजवायच्या आधी मान्यतेचं पत्र शेवटपर्यंत वाचा. कामाचं नाव बरोबर आहे का, रक्कम किती, मुदत किती, काम करणारी यंत्रणा कोण, ग्रामपंचायत की जिल्हा परिषद बांधकाम. डीपीसीतनं जिल्हा परिषदेला मिळालेला पैसा पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत वापरता येतो, त्यानंतर उरला तर परत जातो. जागेचा वाद निघाला, निविदेला कुणी आलं नाही, असं करत करत ती मुदत कधी संपते कळत नाही.

ग्रामपंचायत यंत्रणा असेल तर पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या डिजिटल सहीने निघतं. सरपंच बदलला किंवा सहीची मुदत संपली की काम पूर्ण होऊनही महिनाभर पैसा हलत नाही. मुदत आजच बघून ठेवा.

काम चालू असताना गावातली दोन माणसं रोज तिथं पाहिजेत, भांडायला नाही, लिहायला. कुठल्या दिवशी किती पोती सिमेंट आलं, काँक्रीट कधी ओतलं, तपासणीचे क्यूब भरले का, पाणी मारलं का. काँक्रीटवर किमान १४ दिवस पाणी पाहिजे. आमच्या रस्त्याला ठेकेदाराने चौथ्या दिवशी पाणी बंद केलं, टँकर परवडत नाही म्हणाला, तेव्हा कडेच्या विहिरीवरनं पाईप टाकून पोरांनी उरलेले दहा दिवस पाणी मारलं, आणि ते वहीत तारखेसकट लिहून अभियंत्याची सही घेतली. कडक बोलण्यापेक्षा ती वही जास्त कामाला आली.

कामाचा फलक सुरुवातीलाच लावून घ्या, काम संपल्यावर नाही. त्यावर योजना, रक्कम, ठेकेदार, मुदत सगळं दिसलं पाहिजे. इस्टिमेटची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेवढेही लागत नाहीत. ग्रामपंचायतीचा खर्च तर ई-ग्रामस्वराजवर कुणालाही लॉगिनशिवाय बघता येतो, त्यासाठी कुणाशी वैर घ्यायची गरज नाही.

⚠ मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंद व्हायच्या आधी "काम पूर्ण" असा दाखला सरपंचाने देऊ नये. ठेकेदार घाई करतो, मार्च एंड आहे, बिल बुडेल म्हणतो. बुडू दे.

## ८. बिल निघाल्यावरची कामं

इथपर्यंत आले की सगळे दमलेले असतात, आणि नेमक्या चार गोष्टी राहतात. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेलं का, ते अडकलं तर त्याच विभागाकडनं पुढचं काम मागायला तोंड राहत नाही. रस्त्याची नवीन लांबी-रुंदी नमुना २३ ला चढवली का. कार्यारंभ आदेशात दोषदायित्वाचा काळ किती लिहिलाय, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या काळात खड्डा पडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो, आणि त्यासाठी लेखी कळवावं लागतं, शक्यतो पहिल्या पावसानंतर लगेच.

चौथी गोष्ट वीजबिल. टाकी झाली, मोटर बसली, आणि मीटर कुणाच्या नावावर, बिल कोण भरणार हे ठरलंच नाही, म्हणून पाचव्या महिन्यात कनेक्शन कापलं, हे आमच्याच उपकेंद्रात झालं. ताई परत बादल्या आणायला लागल्या. शेवटी मासिक सभेत ठराव करून बिल ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतनं धरलं, आणि आता दर महिन्याला बिलाची पावती ताईंच्या टेबलाच्या काचेखाली असते.